शाफ्टांना चिवटपणा देणारी भट्टी : एका हीट ट्रीटमेंट सेवेचे परीक्षण

दाबयंत्रांना लागणारे शाफ्ट बनवणे हे माझे काम आहे. टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग आमच्याकडेच होते, पण भट्टी आमची नाही. त्यामुळे हार्डनिंग (लालबुंद तापवून तेलात विझवणे, म्हणजे झटकन थंड करून कडक करणे) आणि टेंपरिंग (मग कमी तापमानाला पुन्हा तापवून ठिसूळपणा घटवणे) बाहेरून करून घ्यावे लागते. गेल्या दीड वर्षात ज्या हीट ट्रीटमेंट सेवेकडे मी तीन लॉट दिले, तिच्या कामाविषयी हे लिहीत आहे. नावापेक्षा कामाची पद्धत सविस्तर सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण ती वाचकाला आपल्या जवळच्या कोणत्याही भट्टीवर तपासून पाहता येईल. माझे मत आधीच सांगतो: पोलादाची बळकटी आणि तन्यता (तुटण्याआधी ताणले जाण्याची क्षमता) या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणारी सेवा म्हणून मी तिला चांगले गुण देतो. काही तक्रारीही आहेत आणि त्या लपवण्यासारख्या नाहीत.

या सेवेकडे मी वळलो तो एक शाफ्ट तुटल्यामुळे. ४३४० या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा, ४५ मिलिमीटर व्यासाचा तो शाफ्ट दुसऱ्या एका ठिकाणी हार्डन करून घेतला होता. ड्रॉइंगवर ४८ ते ५० रॉकवेल (कडकपणाचे माप) लिहिले होते आणि तपासणीत ४९ भरले, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. यंत्रावर बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, यंत्र अचानक अडकले त्या क्षणी, शाफ्ट चावीच्या (चाक शाफ्टाला जखडणाऱ्या पट्टीच्या) खाचेपाशी सरळ आडवा तुटला. वाकला नाही, पीळ पडला नाही, तुटण्यापूर्वी कोणतीही सूचना दिली नाही. तुटलेले तोंड मी भिंगाखाली धरले तेव्हा खाचेच्या कोपऱ्यापासून पुढे अभ्रकासारखे चमकणारे बारीक पैलू दिसले, आणि दिवा फिरवला की ते एकामागून एक लकाकत होते. चिवट पोलाद तुटते तेव्हा तोंड मळकट राखाडी आणि तंतुमय दिसते, कारण तुटण्याआधी धातू ताणला गेलेला असतो. इथे भेग दाण्यांच्या, म्हणजे धातूतल्या सूक्ष्म स्फटिकांच्या, सीमांवरून घसरत गेली होती. धातूला ताणले जाण्याची संधीच मिळाली नव्हती.

त्या ठिकाणच्या लोकांनी काय केले असेल हे नंतर समजले. ४९ रॉकवेलचा आकडा गाठण्यासाठी त्यांनी टेंपरिंग ३४० अंश सेल्सिअसच्या आसपास केले होते, आणि हाच टप्पा या जातीच्या पोलादाला सर्वांत घातक असतो. विझवल्यानंतर मार्टेन्साइटच्या (झटकन थंड केल्यावर होणाऱ्या कडक रचनेच्या) पट्ट्यांमध्ये ऑस्टेनाइटचे (तापलेल्या पोलादातल्या मूळ रचनेचे) अतिशय पातळ थर उरतात. साधारण २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान टेंपर केले की हे थर मोडतात आणि त्यांच्या जागी सिमेंटाइटचे (लोह आणि कार्बनच्या संयुगाचे) ठिसूळ पापुद्रे तयार होतात. त्यातच फॉस्फरससारखी अशुद्धी दाण्यांच्या सीमांवर आधीच जमलेली असेल, तर भेगेला तयार वाट मिळते. अडचण अशी की कडकपणाच्या चाचणीत हा दोष दिसतच नाही, आणि साध्या ताण-चाचणीतही अनेकदा दिसत नाही. खाच पाडलेल्या तुकड्यावर लोलकाने घाव घालणाऱ्या शार्पी चाचणीतच तो उघड होतो. ड्रॉइंगवरचा आकडा मीच लिहिला होता हे खरे. पण ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांनी हा आकडा या पोलादाला कोणत्या तापमानावर नेतो एवढे सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते.

नव्या सेवेकडे गेलो तेव्हा पहिला फरक बोलण्यातच जाणवला. किती रॉकवेल हवे, हा प्रश्न त्यांनी सर्वांत शेवटी विचारला. आधी विचारले की शाफ्टावर भार कसा येतो, झटका बसतो का, खाचेचा कोपरा किती गोलाईचा आहे आणि पोलादाच्या दाखल्यात फॉस्फरस व गंधक किती दाखवले आहे. पीळ आणि वाक यांचा हिशेब माझ्याकडून मागून घेतला आणि त्यावरून सांगितले की खाचेमुळे वाढणारा ताण धरूनही मला १,००० ते १,१०० मेगापास्कलपेक्षा (मेगापास्कल हे ताणाचे एकक) जास्त यील्ड, म्हणजे पोलाद कायमचे वाकू लागते तो ताण, लागत नाही. मग त्यांनी ४३४० ची टेंपरिंगची नेहमीची वाटचाल कागदावर मांडली. तेलात विझवून २०० अंशांवर टेंपर केले तर ताणबल (तुटण्यापूर्वी सोसला जाणारा कमाल ताण) १,९०० मेगापास्कलच्या पुढे जाते, पण तुटण्यापूर्वीची वाढ १० टक्क्यांच्या आसपासच राहते. ५४० अंशांवर ताणबल १,२५० च्या आसपास उतरते आणि वाढ १५ टक्क्यांच्या पुढे जाते. ६५० अंशांवर ताणबल १,००० च्या आसपास आणि वाढ २० टक्क्यांच्या जवळ. मधला ३०० ते ४०० चा पट्टा त्यांनी पेन्सिलीने आडव्या रेघा मारून बंद केला आणि म्हणाले, ‘इथे आम्ही या पोलादाचे काम घेत नाही.’ इतक्या स्पष्टपणे नकार देणारा व्यावसायिक मला फार दिवसांनी भेटला.

मी विचारले की खरोखरच १,९०० मेगापास्कलची गरज असेल आणि झटकेही बसत असतील तर काय करायचे. त्यांचे उत्तर होते की मग पोलाद बदला. ३००एम नावाचे पोलाद जवळजवळ ४३४० सारखेच असते, पण त्यात सिलिकॉन सुमारे १.६ टक्के असते. सिलिकॉन सिमेंटाइट तयार होणे लांबवते, त्यामुळे ठिसूळपणाचा तो पट्टा वर सरकतो आणि ३०० अंशांच्या आसपास सुरक्षितपणे टेंपर करता येते. विमानांच्या लँडिंग गिअरसाठी हे पोलाद वापरले जाते ते याच कारणाने. माझ्या शाफ्टाला त्याची गरज नव्हती, आणि महागडे पोलाद माझ्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

आता मुख्य मुद्दा. टेंपरिंगचे तापमान वाढवून तन्यता मिळवणे हा शेवटी सौदा असतो: बळकटी द्यायची आणि चिवटपणा घ्यायचा. दोन्ही एकाच वेळी वाढवणारा मार्ग पोलादात जवळजवळ एकच आहे, तो म्हणजे दाणा बारीक करणे. संशोधक हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की दाण्याचा व्यास जसा घटतो तशी यील्ड वाढते, आणि ती व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणजे व्यास एक चतुर्थांश केला की दाण्यांच्या सीमांमुळे मिळणारा वाटा दुप्पट होतो. त्याच वेळी भेगेला दर पावलाला नवी सीमा ओलांडावी लागते, दिशा बदलावी लागते, आणि अशुद्धीही जास्त सीमांवर वाटली जाऊन प्रत्येक सीमेवर विरळ होते. हार्डन केलेल्या पोलादात मार्टेन्साइटचे गठ्ठे किती मोठे होणार हे विझवण्याआधीच्या ऑस्टेनाइटच्या दाण्यावर ठरते. म्हणून हीट ट्रीटमेंटची गुणवत्ता तेलाच्या टाकीत ठरते असे आपण समजतो, पण तिचा मोठा भाग त्याआधी, भट्टीचे दार बंद असतानाच ठरून गेलेला असतो.

या सेवेने माझे शाफ्ट थेट हार्डनिंगला घेतले नाहीत. फोर्जिंगमधून आलेल्या सळ्यांचा दाणा एकसारखा नसतो, म्हणून आधी त्यांनी नॉर्मलायझिंग केले, म्हणजे ८७० अंशांच्या वर तापवून हवेत थंड केले, आणि मगच हार्डनिंगसाठी ८४० अंशांवर नेले. भट्टी ९०० वर ठेवली असती तर काम लवकर आटोपले असते, कारण जॉब झटपट तापतात आणि कार्बाइड लवकर विरघळतात. पण दाणाही वाढला असता. पोलादात ॲल्युमिनियम नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते दाण्यांच्या सीमा अडवून धरतात. तापमान फार चढले की हे कण विरघळतात आणि काही दाणे शेजाऱ्यांना गिळत भराभर फुगतात. पहिल्या लॉटबरोबर मिळालेल्या अहवालात दाण्याचा क्रमांक ८ दिला होता. हा क्रमांक शंभरपट मोठ्या करून पाहिलेल्या चित्रात एका चौरस इंचात किती दाणे मोजले गेले यावर ठरतो: क्रमांक ५ म्हणजे १६ दाणे, क्रमांक ८ म्हणजे १२८. जो शाफ्ट तुटला होता त्याचा तुकडाही मी त्यांच्याकडून तपासून घेतला. तो ५ निघाला. तापमानाच्या चुकीला जाड दाण्याची साथ मिळाली होती.

दुसऱ्या लॉटच्या वेळी त्यांनी मला भट्टीपाशी उभे राहू दिले. दार उघडले तेव्हा शाफ्ट नारिंगीकडे झुकलेल्या लाल रंगाचे होते आणि सगळे एकाच छटेचे होते. कडेचे अधिक उजळ आणि मधले काळपट असा प्रकार नव्हता. ते उभे टांगलेले होते, आडवे रचलेले नव्हते, कारण या तापमानाला पोलाद स्वतःच्या वजनानेही वाकते. टाकीतले तेल ६० अंशांच्या आसपास गरम ठेवलेले होते आणि खालून पंपाने ढवळले जात होते. गरम तेल अंगाभोवती चांगले खेळते. गार तेल घट्ट असते आणि वाफेचे आवरण जॉबला चिकटून राहिले की तिथे नरम ठिपका पडतो. शाफ्ट बुडताच खोल गुरगुर ऐकू आली, काही क्षणांनी तिची खळखळ झाली आणि मग हळूहळू शांत झाली. वाफेचे आवरण फाटून उकळी सुरू झाली आणि ती ओसरली, हे नुसत्या आवाजावरून समजत होते. भट्टीवाल्यांचे डोळे मात्र आवाजाकडे नसून घड्याळाकडे होते.

कारण पुढचा अर्धा तास सर्वांत नाजूक असतो. या पोलादात साधारण ३०० अंशांच्या खाली मार्टेन्साइट तयार होऊ लागते आणि तयार होताना ते फुगते. आधी बाहेरची कात फुगून कडक होते, मग आतला गाभा फुगतो आणि त्या कडक कातीला आतून ताण देतो. चावीच्या खाचेचा कोपरा टोकदार असेल तर तडा तिथूनच जातो, आणि तो कधीकधी टाकीत न जाता नुसत्या टेबलावर ठेवलेल्या जॉबला दोन तासांनी जातो. म्हणून शाफ्ट पूर्ण गार होण्याची वाट न पाहता, तळहात क्षणभर ठेवता येईल इतके कोमट असतानाच त्यांनी ते टेंपरिंगच्या भट्टीत सरकवले. मी घड्याळ लावले होते: तेलातून बाहेर काढल्यापासून भट्टीचे दार बंद होईपर्यंत ३५ मिनिटे लागली. पूर्वीच्या ठिकाणी आमचे जॉब हार्डनिंगनंतर रात्रभर जाळीत पडून असायचे आणि टेंपरिंगला दुसऱ्या दिवशी पाळी यायची.

टेंपरिंग ५६० अंशांवर, दोन तास, आणि ते दोनदा. त्यानंतर शाफ्ट भट्टीतच ठेवून भट्टी बंद करून घरी जाणे सोपे होते. तसे त्यांनी केले नाही, बाहेर काढून पंख्याच्या हवेत पटकन थंड केले. यामागेही कारण आहे. ३७५ ते ५७५ अंशांच्या पट्ट्यातून पोलाद सावकाश उतरले तर फॉस्फरस, कथील, अँटिमनी ही मूलद्रव्ये दाण्यांच्या सीमांवर गोळा होतात आणि कडकपणा तोच असूनही चिवटपणा घसरतो. ४३४० मध्ये ०.२० ते ०.३० टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते हा दोष बराच रोखते, पण पूर्ण रोखत नाही. सुदैवाने हा ठिसूळपणा कायमचा नसतो. ६०० अंशांच्या वर पुन्हा तापवून भरभर थंड केले की निघून जातो. तीनशेच्या पट्ट्यातला ठिसूळपणा तसा पुसता येत नाही. तिथे जास्त तापमानाला पुन्हा टेंपर करून कडकपणा सोडावा लागतो, नाहीतर सगळे हार्डनिंग पहिल्यापासून करावे लागते.

प्रत्येक लॉटबरोबर त्याच सळीचा एक नमुना भट्टीत टाकून त्याची चाचणी करतात, ही या सेवेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. दुसऱ्या लॉटचा निकाल असा होता: ताणबल १,२१५ मेगापास्कल, यील्ड १,११०, वाढ १६ टक्के, तुटलेल्या जागी क्षेत्रफळात घट ५४ टक्के, कडकपणा ३९ ते ४० रॉकवेल आणि शार्पी चाचणीत ५८ जूल. नमुन्याचे दोन तुकडे मी मागून घेतले आणि ते अजून माझ्या टेबलावर आहेत. तुटलेल्या टोकाशी सळीची कंबर स्पष्ट बारीक झालेली आहे. एका तुकड्यावर वाटीसारखा खळगा आहे आणि दुसऱ्यावर त्यात बसणारा उंचवटा. आत मळकट राखाडी रंग आणि कडेला तिरकस ओठ. पहिल्या शाफ्टाच्या चमकदार तोंडाशेजारी हा तुकडा ठेवला की वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

इथेच एक तक्रार. पहिल्या अहवालात वाढ टक्क्यांत दिली होती, पण ती किती लांबीवर मोजली हे लिहिले नव्हते. सळी तुटण्याआधी सगळी एकसारखी ताणली जाते आणि शेवटी ताण एकाच जागी, कंबरेशी एकवटतो. त्यामुळे व्यासाच्या चौपट लांबीवर मोजलेली टक्केवारी पाचपट लांबीवरच्या टक्केवारीपेक्षा मोठी दिसते, जरी सळी तीच असली तरी. ही लांबी न लिहिता दोन भट्ट्यांच्या वाढीची तुलना करणे निरर्थक आहे. मी विचारल्यावर त्यांनी सांगितले आणि पुढच्या अहवालापासून लिहायला सुरुवात केली, पण हे न विचारता व्हायला हवे होते. क्षेत्रफळातली घट मात्र या लांबीवर अवलंबून नसते. तन्यतेची तुलना करायची असेल तर मी आता आधी तोच आकडा पाहतो.

दुसरी तक्रार अंगावरच्या कातीची. भट्टीत संरक्षक वायू आहे, तरी पहिल्या लॉटमध्ये पृष्ठभागावर सुमारे ०.१ मिलिमीटर खोलीपर्यंत कार्बन कमी झालेला आढळला. माझ्या शाफ्टांवर ग्राइंडिंगसाठी ०.३ ठेवलेले होते म्हणून निभावले. ज्यांचा जॉब हीट ट्रीटमेंटनंतर तसाच वापरला जातो त्यांनी हे आधी बोलून घ्यावे, कारण कार्बन गेलेली नरम कात वारंवार येणाऱ्या भाराखाली सर्वांत आधी थकते. वेळेच्या बाबतीतही सेवा ढिली आहे. सांगितलेल्या तारखेपेक्षा पहिला लॉट चार दिवस आणि तिसरा सहा दिवस उशिरा मिळाला. कारण पटण्यासारखे होते, कारण एका भट्टीत वेगवेगळ्या पोलादांची भेळ ते करत नाहीत. पण मग तारीख सांगताना ती गोष्ट हिशेबात धरावी. लहान लॉटला ते फारसे उत्सुक नसतात, हेही नोंदवून ठेवतो.

सरळ करण्याच्या कामाबद्दल मात्र कौतुकच आहे. ६०० मिलिमीटर लांबीचे दोन शाफ्ट ०.४ मिलिमीटर वाकले होते. थंड शाफ्ट दाबून सरळ करणे झटपट होते, पण त्यामुळे आत नवे ताण कोंडले जातात. त्यांनी टेंपरिंगच्या भट्टीतून काढलेले गरम शाफ्टच सरळ केले आणि नंतर टेंपरिंगपेक्षा थोड्या कमी तापमानाला ताण काढून टाकला. तिसऱ्या लॉटमधल्या काही शाफ्टांवर जस्ताचा मुलामा चढवायचा होता. ते काम त्यांचे नव्हते, तरी चलनावर त्यांनी हाताने लिहून दिले की मुलाम्यानंतर लगेच १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजून घ्यावे, कारण मुलाम्याच्या वेळी शिरलेला हायड्रोजन उच्च बळकटीच्या पोलादाला काही दिवसांनी, नुसत्या स्थिर भाराखालीही तोडतो.

तीन मिलिमीटर जाडीच्या, पाऊण टक्का कार्बनच्या पट्टीच्या क्लिपाही मी त्यांना दिल्या होत्या. तिथे त्यांनी विझवून टेंपर करण्याऐवजी ऑस्टेंपरिंग सुचवले: ८०० अंशांच्या वर तापवलेली क्लिप ३२० अंशांच्या वितळलेल्या क्षारात टाकायची आणि रूपांतर पूर्ण होईपर्यंत तिथेच ठेवायची. मार्टेन्साइट न होता बेनाइट ही वेगळी रचना तयार होते, जिचे वर्णन संशोधक डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी १९३० मध्ये केले होते. पन्नास रॉकवेलच्या आसपासच्या कडकपणाला ही रचना टेंपर केलेल्या मार्टेन्साइटपेक्षा बरीच चिवट असते, आणि क्लिपा वाकड्यातिकड्याही होत नाहीत. जुन्या पद्धतीच्या क्लिपा मी पकडीत धरून वाकवल्या तेव्हा तीस अंशांच्या आसपास टिचकन तुटल्या. या क्लिपा काटकोनापर्यंत वाकल्या आणि मगच फाटू लागल्या. जाड जॉबला हा मार्ग नाही, कारण क्षाराची थंडाई गाभ्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही.

चौथा लॉट पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. त्यासाठी ड्रॉइंग मी नव्याने काढले आहे. रॉकवेलच्या एका आकड्याच्या जागी आता यील्डची किमान मर्यादा, पाचपट लांबीवरची वाढ, क्षेत्रफळातली घट, शार्पीचे जूल आणि दाण्याचा क्रमांक लिहिला आहे. कडकपणा खाली, पडताळणीपुरता ठेवला आहे. खाचेच्या कोपऱ्याची गोलाई ०.२ वरून ०.६ मिलिमीटर केली आहे. आणि नमुने या वेळी दोन देणार आहे, एक भट्टीच्या दारापाशी आणि एक मागच्या कोपऱ्यात ठेवण्यासाठी, कारण तीन लॉटांच्या अहवालांत नमुना भट्टीत नेमका कुठे ठेवला होता हे एकदाही लिहिलेले नव्हते.